‘असाइन’ या शब्दाचे अर्थ आणि वाशीमचे स्वामित्व

इंग्रजी अमदानीत वाशीम हा वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांपैकी एक जिल्हा होता. वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तीन तालुके. तत्कालीन सरकारी कागदपत्रांत सर्व वऱ्हाड प्रांताचा उल्लेख ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असा आढळतो. या नावातील ‘असाइन’ हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु हा मुलूख वस्तुतः कोणाचा, हा वाद दीर्घकाळ त्याच्याच अर्थाभोवती फिरत राहिला.

या शब्दाच्या तीन अर्थच्छटा येथे विचारात घेतल्या पाहिजेत. काम वा वस्तू नेमून देणे, ही पहिली. विशिष्ट हेतूसाठी उत्पन्न लावून देणे, ही दुसरी. आणि कायद्याच्या परिभाषेत आपला हक्कच दुसऱ्याच्या नावे करून देणे, ही तिसरी. पहिल्या दोहोंत मूळ स्वामित्व देणाराकडेच राहते. तिसरीत ते संपुष्टात येते. दख्खनच्या राज्यव्यवहारास यांपैकी दुसरी छटा पूर्ण परिचयाची होती. फौजखर्चासाठी जहागीर वा सरंजाम म्हणून मुलूख लावून देण्याची वहिवाट मोगल व मराठे या दोन्ही राजवटींत होती. तेवढ्याने धन्याचे स्वामित्व गेले, असे कोणी मानीत नसे.

२१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत निजाम नासिरुद्दौला याच्याशी तह झाला. हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च व थकलेले देणे भागविण्यासाठी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रज रेसिडेंटाच्या व्यवस्थेखाली देण्यात आले. दरसाल हिशेब सादर करावा व शिल्लक निजामास द्यावी, अशी अट होती. हिशेब देणारा तो मालक नव्हे, व्यवस्थापक होय. तेव्हा या तहातील ‘असाइन’ दुसऱ्या छटेचाच मानावा लागतो. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले आणि वऱ्हाड विश्वस्त या नात्याने इंग्रजांकडे राहिले; मात्र हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क गेला. शब्द तोच राहिला, आशय सरकला.

पुढे सर सालारजंग यांनी फौजखर्चाची हमी म्हणून भांडवली रक्कम ठेवण्याची तयारी दर्शवून वऱ्हाड परत मागितले. हेतूची पूर्तता झाल्यावर लावून दिलेला मुलूख परत यावा, हा त्यामागील सरळ तर्क होता. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. पण मागणी मान्य झाली नाही. त्या वेळचे भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी १८७८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि त्याच वर्षी ४ जूनच्या करारान्वये तुर्की सुलतानाने सायप्रस बेट इंग्लंडला ताबा व कारभार यांसाठी दिले. त्या इंग्रजी करारातही क्रियापद ‘असाइन’ हेच आहे. स्वामित्व सुलतानाचेच राहील, असे तुर्कांनी गृहीत धरले होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ मध्ये इंग्लंडने ते बेट खालसा केले.

वऱ्हाडात खालसाची घोषणा झाली नाही. तेथे नवा शब्द आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याकडून सालीना २५ लाखांच्या मोबदल्यात कायमचा पट्टा करून घेतला. निजामाचे सार्वभौमत्व शब्दांत मान्य झाले, परंतु वाटेल त्या रीतीने कारभार करण्याची मुभा इंग्रजांस मिळाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले आणि १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हाच मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ अकोल्यात, पुसद यवतमाळात गेले.

तथापि मूळ शब्दाची छाया पुसली गेली नाही. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्यामुळे तेथे कायदे स्वतंत्रपणे लागू करावे लागत, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेले प्रतिनिधी मध्यप्रांताच्या कायदेमंडळात औपचारिक दृष्ट्या नियुक्त सभासद म्हणून बसत. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, परंतु वऱ्हाडचा कारभार मिळाला नाही.

वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने. १८५३ ते १९०२ या काळातील घडामोडींवरून एवढे स्पष्ट होते की, तहातील शब्दाचा अर्थ कोशात ठरत नाही. हिशेब कोण कोणास देतो, यावरून तो ठरतो. आणि हिशेबाचे कलम वगळले गेले त्याच दिवशी वऱ्हाडच्या ‘असाइन’चा अर्थ बदलला.