ग्रामसभेच्या वर कुणी नाही

1980च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या प्रस्तावित धरणांविरुद्ध गडचिरोलीचे आदिवासी उठले. आदिवासी नेते लालश्याम शहा आणि समाजसेवक बाबा आमटे त्यांच्यासोबत होते. धरणं मागे पडली, पण आंदोलन संपलं तरी गावागावांत प्रश्न उरलाच: जंगल आपलं म्हणायचं, तर ते सांभाळायचं कुणी आणि ठरवायचं कुणी?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने तो प्रश्न सोडला नाही. गावाने सागवान वापरून नवं गोटूल, म्हणजे गोंड तरुणांचं पारंपरिक सामूहिक घर, बांधलं, वनखात्याने ते पाडलं. त्यावर आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं बांधायला घेतली. गावापुरतं भांडण परिसराचं झालं ते असं.

देवाजी तोफा हे मेंढ्याचं सर्वांत परिचित नाव, पण निर्णय त्यांच्या एकट्याच्या हाती कधीच नव्हता. एखादा विषय आधी अभ्यासगटात यायचा. तिथे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे साथी कायदा आणि माहिती पुरवायचे, मत द्यायचे नाहीत. मग ग्रामसभा बसायची. बहुमत चालत नसे. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीवर जायचा. याला वेळ लागतो, बाहेरच्या माणसाला ते कंटाळवाणंही वाटेल. पण कागद कारखान्याला बांबू तोडू न देण्यासारखे अवघड निर्णय वर्षानुवर्षं टिकतात ते याच बळावर, कारण हात वर करून हरलेला असा कुणी गावात उरतच नाही.

वनहक्क कायद्याखाली 2009 साली मेंढ्याला 1,800 हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूचा वाहतूक परवाना वनखातं देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

पुढे हक्क मिळालेल्या गावांची संख्या वाढली आणि नवी अडचण उभी राहिली. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातला, जेमतेम काही आठवड्यांचा. पहाटे पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. एवढ्या धावपळीत एकेकट्या गावाने ठेकेदाराशी भाव ठरवायचा, करारनामा वाचायचा आणि थकलेल्या पैशांसाठी मागे लागायचं, हे जमणं कठीणच होतं. ठेकेदारही एका गावाला दुसऱ्याचा भाव दाखवून खाली खेचत.

गडचिरोलीच्याच कोरची तालुक्यात याचं उत्तर घडलं. गोंड समाजात अनेक गावांचा मिळून इलाका असतो, आणि इलाक्याची बैठक ही जुनी रीत. त्याच पायावर 2016-17च्या सुमारास जवळपास नव्वद ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पुरुष प्रतिनिधी. बायांच्या या जागा कुणी उदारपणे बहाल केलेल्या नाहीत. बचत गटांच्या आणि दारूबंदीच्या कामातून बाया आधीच संघटित झाल्या होत्या. इलाक्याच्या पारंपरिक बैठकीत बायांना फारसं स्थान नसायचं. जुनी चौकट ठेवून नेमका हाच भाग बदलणं, हे कोरचीचं सर्वांत मोठं काम म्हणावं लागेल.

महाग्रामसभा जंगलाची मालक नाही. हक्क ज्या त्या गावाचा आणि शेवटचा शब्दही त्याच गावाचा. लिलावाची बोलणी, हिशेबाची तपासणी, दोन गावांमधले सीमेचे वाद ही कामं मात्र एकत्र होतात. एखाद्या गावाला महाग्रामसभेचा सल्ला पटला नाही, तर ते तो नाकारू शकतं.

या रचनेची खरी परीक्षा कोरची तालुक्यातल्याच झेंडेपार गावच्या डोंगरावर आहे. तिथे लोहखनिज आहे आणि लोकांचं देवस्थानही. खाणीला विरोध एकट्या झेंडेपारचा राहिलेला नाही. डोंगरावरच्या जत्रेला इलाक्यातली गावं जमतात, पूजा होते आणि त्याच मांडवात खाण आणि वनहक्कांवर चर्चाही होते.