यमाताराजभानसलगाचं शेपूट

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावाचं नाव लगक्रमात मांडलं तर गा गा गा ल ल गा ल असं येतं: राणीसा हा म गण, वरगा हा स गण आणि उरलेला व लघू. गण ओळखायला यमाताराजभानसलगा हे सूत्र असतंच. गणाचं अक्षर धरायचं आणि पुढची दोन सोबत घ्यायची. म साठी मातारा, तिन्ही गुरू. स साठी सलगा, दोन लघू नि एक गुरू. हे सूत्र घोकंपट्टीची सोय म्हणून बाजूला टाकलं जातं. फिरवलेला शब्द मजकुरात शोधण्याच्या संगणकी रीतीचं मूळ तत्त्व मात्र त्यात आधीच बसलेलं आहे.

फिरवलेला शब्द म्हणजे सावरगावराणी. अक्षरं तीच, मागचा-पुढचा संबंधही तोच, फक्त आरंभ सरकलेला. तो ओळखायचा तर मूळ नाव सलग दोनदा लिहावं: राणीसावरगावराणीसावरगाव. यात सावरगावराणी अखंड सापडतं. सातही अक्षरांचं कुठलंही फिरवलेलं रूप असंच सापडतं, भलतं रूप सापडत नाही. मजकूर गोलाकार असेल आणि शोधायचा तुकडा तीनच अक्षरांचा असेल, तर सगळं दोनदा लिहायचीही गरज नाही. सुरुवातीची दोन अक्षरं शेवटी जोडली की भागतं. सूत्रात नेमकं हेच झालेलं आहे. वजनापुरतं पाहिलं तर शेवटचं लगा ही सुरुवातीच्या यमाची नक्कल आहे. ते शेपूट काढून उरलेली आठ अक्षरं गोल मांडली, तरी आठही गण एकेकदाच मिळतात.

यावर कोणी म्हणेल, ल आणि गा ही तर लघू-गुरूंची नावं. ती शेवटी आली आणि जुळली, एवढंच. पण आठ जागांवर लघू-गुरूंच्या 256 मांडण्या होतात आणि गोल जोडल्यावर आठही गण देणाऱ्या त्यांत 16च. एकमेकींच्या फिरवलेल्या एकच धरल्या तर उरतात दोन. शिवाय पिंगलाच्या छंदशास्त्रातला क्रम म य र स त ज भ न असा आहे. तो तसाच ठेवला असता तर पहिलाच म फसला असता, कारण त्याला पुढे गुरू हवा आणि य तर लघूने सुरू होणारा. म्हणजे सूत्रकाराने क्रम मुद्दाम मोडला. त्याच्या मनात वर्तुळ होतं की नाही, हा वाद मग गौण ठरतो: दहा अक्षरांत आठ गण बसवायचे म्हटलं की शेवटची दोन पहिल्या दोनांसारखी असावीच लागतात. युरोपात अशा गोल मांडण्यांची मोजदाद फ्लाय सेंट-मारी यांनी 1894 मध्ये केली. नाव मात्र लागलं 1946 मध्ये लिहिणाऱ्या डी ब्रॉयन यांचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दोनदा लिहिणं ही युक्ती झाली, वेग कुठे आला? खरंच, तो सूत्रात नाही. लाख अक्षरांचा शब्द एकेक जागा सरकवत तपासला तर तुलना हजार कोटींच्या घरात जाऊ शकतात. कनुथ, मॉरिस आणि प्रॅट यांनी 1977 मध्ये छापलेल्या रीतीत जुळणी मोडली तरी आधी जुळलेली अक्षरं पुन्हा वाचावी लागत नाहीत, म्हणून काम काही लाखांत आटोपतं. तेव्हा सूत्र आणि ही रीत यांचं गोत्र एक असलं, तरी वंशावळ जोडायला आधार नाही. ई. कोलाय या जिवाणूच्या सुमारे 46 लाख जोड्यांच्या गोल डीएनएला ना आरंभ ना शेवट; असे दोन गोल ताडून पाहायला दोनदा लिहिणं आणि ही रीत अशी जोडगोळी उपयोगी पडते. बूथ यांनी 1980 मध्ये वेगळी वाट काढली: सगळ्या फिरवलेल्या रूपांतून कोशक्रमाने पहिलं येणारं रूप झटपट काढायचं आणि तीच त्या वर्तुळाची ओळख मानायची. त्या हिशेबाने राणीसावरगावाची नोंद गावराणीसावर अशी होईल.