बहुव्याधी व सुरक्षित औषधयोजना : वाशिम जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्यसेवा

एकाच व्यक्तीच्या ठायी दोन अथवा अधिक दीर्घकालीन व्याधी एकाच काळी असणे, या स्थितीस बहुव्याधी म्हणतात. आणि अशा रुग्णास द्यावयाच्या प्रत्येक औषधाची निवड, मात्रा व मुदत ही त्याच्या इतर सर्व व्याधी व इतर सर्व औषधे ध्यानात घेऊन ठरविणे, ठरविल्यानंतर तिचा वेळोवेळी फेरविचार करणे आणि अनावश्यक ठरलेले औषध निःसंकोचपणे बंद करणे, या समग्र व्यवहारास सुरक्षित औषधयोजना असे नाव आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, संधिवात, मूत्रपिंडाची जुनाट दुर्बलता व नैराश्य हे या प्रकरणी वारंवार एकत्र आढळणारे विकार होत. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना पुढे आली, त्याची पुढील कित्येक दशकांतील उभारणी मुख्यतः साथीचे रोग, माता व बालकांचे आरोग्य आणि कुटुंबनियोजन यांच्या अनुरोधाने झाली. जन्मभर सांभाळावयाच्या तीन-तीन व्याधी घेऊन दरमहा दारी येणारा वृद्ध रुग्ण त्या व्यवस्थेच्या दृष्टिपथात फार उशिरा आला.

वाशिम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, हे आजच्या जिल्ह्याचे ठाणे असून, अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,९७,१६० असून तीतील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात, आणि त्यांची उपजीविका सोयाबीन, तूर व कापूस या बहुतांशी पावसावर अवलंबून असलेल्या पिकांवर चालते. २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली तीत वाशिमचा अंतर्भाव आहे.

कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली देशातील १०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्या पहिल्या टप्प्यातच वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व अमरावती या वैदर्भीय जिल्ह्यांसह वाशिमची निवड झाली होती, ही गोष्ट जिल्ह्याबाहेर फारशी ठाऊक नाही. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची रक्तशर्करा व रक्तदाब यांची तपासणी करावी, संशयित रुग्णास वरच्या रुग्णालयातील असंसर्गजन्य रोगांच्या कक्षाकडे पाठवावे आणि निदान झाल्यावर औषधे पुन्हा गावाजवळच मिळावीत, अशी त्या कार्यक्रमाची रचना होती. पुढे आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन भरावयाचा जोखीम-पडताळणीचा तक्ता, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची नेमणूक आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी यांची त्यास जोड मिळाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील आरोग्य संस्थांतील उपचार निःशुल्क केल्याने केसपेपराचा किरकोळ खर्चही रुग्णाच्या माथ्यावरून उतरला. हे सर्व मोलाचे आहे, यात संदेह नाही. परंतु कार्यक्रम रोगांच्या नावाने आखलेले, उद्दिष्टे रोगनिहाय नेमलेली आणि अहवालही रोगनिहाय वर जाणारे असल्यामुळे, ज्या माणसाचे नाव रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि क्षयरोगाच्याही नोंदीत आहे तो एकच माणूस आहे, हे दफ्तरातून दिसत नाही; आणि जे दफ्तरात दिसत नाही त्याची दखल घेण्यास, रोज शेकडो रुग्ण तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यास उसंत मिळत नाही.

या विषयावरील अर्वाचीन संशोधनाचा पाया स्कॉटलंडमध्ये घातला गेला असे म्हणण्यास हरकत नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१४ दवाखान्यांतील सतरा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या असता २३.२ टक्के लोक बहुव्याधिग्रस्त आढळले. आणि अत्यंत दरिद्री वस्त्यांत ही अवस्था संपन्न वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी येते, हा त्यातील निष्कर्ष तर आपल्याकडील कोरडवाहू मुलखाने विशेष मनावर घ्यावा असा आहे. भारतात या विषयाची प्राथमिक आरोग्यसेवेच्या अंगाने पद्धतशीर मांडणी करण्याचे श्रेय भुवनेश्वर येथील संशोधिका डॉ. संघमित्रा पती यांच्याकडे जाते. ओडिशातील ४० आरोग्य संस्थांत आलेल्या १,६४९ रुग्णांची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात २८.३ टक्के रुग्णांना एकाहून अधिक दीर्घकालीन व्याधी असल्याचे नमूद आहे. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीत पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती जमा झाली, आणि तिच्या आधारावर बहुव्याधीविषयी अनेक प्रबंध निघाले. विदर्भापुरते पाहावयाचे तर ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत केलेला अभ्यास अग्रगण्य मानावा लागेल. मलेरिया व कुपोषण यांचाच प्रांत म्हणून ज्याची ख्याती, त्या ग्रामीण भागात मृत्यूंच्या कारणांत पक्षाघात अग्रस्थानी असून एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के त्यामुळे घडतात, हे त्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले.

औषधयोजनेतील अपायाचा विचार करताना, प्रत्येक औषध स्वतंत्रपणे योग्य असूनही त्यांचा समुच्चय घातक ठरू शकतो, हे तत्त्व प्रथम समजून घेतले पाहिजे. उच्च रक्तदाबासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ॲम्लोडिपिन व टेल्मिसार्टन ही औषधे सर्रास दिली जातात, आणि गरजेनुसार क्लोरथॅलिडोनसारखे मूत्रल औषध त्यांत मिळविले जाते. आता सोयाबीनची सोंगणी अथवा तुरीची कापणी करून ज्याची कंबर व गुडघे धरले आहेत असा साठीचा शेतमजूर गावातील दुकानातून, कोणतीही चिठ्ठी न दाखविता, डायक्लोफिनॅक किंवा तत्सम वेदनाशामक गोळी घेतो, किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात ‘सुई’ टोचून घेतो. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातील गाळणीचा दाब उतरविते, मूत्रल औषध शरीरातील द्रव कमी करते, आणि वेदनाशामक औषध मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह रोखते. या तिहींची गाठ पडली, आणि तीही वऱ्हाडच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात, पुरेसे पाणी न पिता, म्हणजे एरवी सुस्थितीत असलेले मूत्रपिंडही काही दिवसांत निकामी होण्याचा संभव असतो. यात ना सरकारी डॉक्टरने चूक केली, ना रुग्णाने काही लपविले. रक्तदाबाची गोळी आणि कंबरेची गोळी यांचा काही संबंध असतो, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरा प्रकार औषधांच्या साखळीचा. ॲम्लोडिपिनने काही रुग्णांच्या घोट्यांवर सूज येते, हा त्या औषधाचा ज्ञात परिणाम होय. परंतु ती सूज नवीन विकार समजून तिच्यावर फ्युरोसेमाइड दिले गेले, त्यामुळे पोटॅशियम उतरून पायांत गोळे येऊ लागले, आणि त्यांसाठी पुन्हा वेदनाशामक व शक्तीच्या गोळ्या आल्या, तर मूळच्या एका गोळीच्या चार होतात व सूज मात्र तशीच राहते. या साखळीचे वर्णन पॉला रोशॉन व जेरी गुरविट्झ यांनी १९९० च्या दशकात केले, आणि नवीन लक्षण दिसताच आधी चालू औषधांकडे पाहावे, हा त्यांचा उपदेश आजही पहिल्या धड्यात शिकविण्याजोगा आहे.

मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइड व ग्लिमेपिराइड या गोळ्या स्वस्त व परिणामकारक आहेत, परंतु उपवासाच्या दिवशी, अथवा जेवणास दुपार टळून गेली असताना, वृद्धाची साखर त्या धोकादायक पातळीपर्यंत उतरवितात; घाम, थरकाप व भ्रम यांस घरची मंडळी ‘अशक्तपणा’ समजतात आणि सलाईनसाठी धावतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना चेतविते, त्यामुळे याच मधुमेहाच्या गोळ्या व ॲम्लोडिपिन यांचा प्रभाव घटतो. उपचार संपून रिफॅम्पिसिन थांबले की तो पुन्हा वाढतो, म्हणजे मात्रा दोनदा बदलावी लागते. सांधेदुखीवर नाव न सांगता पुडीत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या साखर व रक्तदाब दोन्ही चढवितात, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण शासकीय नोंदीत त्यांचा मागमूसही नसतो.

उपायांवरील संशोधनाने आशा दिली आहे, तशी सावधगिरीही शिकविली आहे. ब्रिटनमध्ये बहुव्याधिग्रस्तांची एकत्रित, विस्तृत तपासणी करण्याच्या पद्धतीची मोठी चाचणी ३३ दवाखान्यांतील १,५४६ रुग्णांवर झाली. २०१८ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत रुग्णांचे समाधान वाढले, पण जीवनमानात मोजण्याजोगा फरक आढळला नाही. याउलट स्कॉटलंडच्या टेसाइड भागात धोकादायक वेदनाशामक व रक्त पातळ करणारी औषधे नेमकी कोणास चालू आहेत याची यादी डॉक्टरांपुढे ठेवून, फेरतपासणीसाठी त्यांना मोबदला दिला, तेव्हा अशा धोकादायक औषधयोजनेचे प्रमाण ३.७ वरून २.२ टक्क्यांवर आले, आणि जठरातील व्रण व रक्तस्राव यांमुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही घटले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. या दोहोंवरून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, साधनांची चणचण असलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्याने सर्वंकष योजनेच्या मागे लागण्यापूर्वी दोन-तीन घातक संयोग निवडून त्यांचाच कसोशीने पाठपुरावा करावा.

महाराष्ट्रात अशा तपासणीची परंपरा नाही असे नाही. डॉ. अनंत फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा व वापर यांचा सविस्तर अभ्यास करून १९९५ साली अहवाल प्रसिद्ध केला, आणि एका जिल्ह्यातील चिठ्ठ्या गोळा करून त्यांची शास्त्रीय छाननी करता येते, हे कृतीने सिद्ध केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आश्रयाने देशातील मोठ्या रुग्णालयांतील ४,८३८ चिठ्ठ्यांची तपासणी होऊन २०२४ साली जो लेख आला, त्यात ४७५ चिठ्ठ्यांत प्रमाणित उपचारपद्धतीपासून अस्वीकारार्ह विचलन आढळले. जेथे तज्ज्ञांची रेलचेल आहे तेथे ही स्थिती, तर एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर भार असलेल्या ठिकाणास मदतीची किती गरज असेल हे उघड आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो विशेष उपक्रम २०१७ साली वर्धा, भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग येथे सुरू झाला, त्याने ठरीव औषधक्रम, अखंड साठा व प्रत्येक रुग्णाची पाठपुरावा-नोंद या तीन साध्या गोष्टींचे मोल दाखविले. त्याच नोंदीत रुग्णाच्या इतर व्याधींचा व बाहेरून घेतलेल्या औषधांचा एक रकाना वाढविणे आणि औषधनिर्मात्याने महिन्याची गोळ्यांची पाकिटे देताना तो रकाना वाचणे, यास नवा निधी लागत नाही. हुकूम व शिरस्ता लागतो.

२०२४ साली वाशिम येथे शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या जनवैद्यक व औषधशास्त्र विभागांनी आपले पहिले क्षेत्रकार्य म्हणून सहाही तालुक्यांतील औषधचिठ्ठ्यांची व मेडिकल दुकानांतील विक्रीची पाहणी हाती घ्यावी. तोवर वाचकांनी एवढे करावे की, घरातील वृद्धास दवाखान्यात नेताना बीपीची, शुगरची, दुखण्याची, पुडीतील व वैद्याकडील अशी सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत, आणि यांतली कोणती बंद करता येईल, हा प्रश्न डॉक्टरांस प्रत्येक वेळी विचारावा.