बासन, व्यासपीठ आणि पेटी

एखादं काम सरकारनं नाहीतर भावकीनं मुद्दाम लांबणीवर टाकलं, की आपण म्हणतो, "प्रकरण बासनात गेलं." पण बासन म्हणजे काय, असं विचारलं तर आताची पोरं गप्प बसतात. बासन म्हणजे पोथी नाहीतर कागद बांधून ठेवायचं चौकोनी फडकं. पोथीची पानं सुटी असायची, शिवलेली नसायची. म्हणून खाली एक फळी, वर एक फळी, मध्ये पानं आणि भोवती हे फडकं, असा तो सगळा थाट. वरून दोरीचे आठदहा वेढे. आताच्या भाषेत बोलायचं तर आपल्या लोकांचं पुस्तकाचं पहिलं कपाट कापडाचं होतं.

मावळात ते तसंच असणं भाग होतं. चार महिने इथं आभाळ फाटल्यासारखा पाऊस. भिंती ओल धरतात, भाताच्या पेंढ्याला बुरशी येते, तिथं कागदाची काय कथा! आमच्या शिरगावातल्या जुन्या घरांत माजघराच्या भिंतीत लाकडी दारांचं फडताळ असायचं. शक्यतो चुलीकडच्या भिंतीला, म्हंजे ऊब लागून आतली वस्तू कोरडी राहायची. ज्यांच्याकडं फडताळ नसायचं ते माळ्यावर, धुराच्या वाटेत बासन ठेवायचे. आत वेखंडाचा तुकडा, कडुनिंबाचा पाला, कुणी सापाची कातसुद्धा टाकायचं. बियाणं कणगीत ठेवताना आम्ही राख मिसळतो, त्यातलाच हा प्रकार. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवणी लिहून ठेवायचे, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा आणि बांधणी सैल ठेवू नका. बासन घट्ट हवं. सैल बांधलं की हवा शिरते, हवेबरोबर दमट येते, मागून कसर येते.

आमच्या भागात या बांधाबांधीला फार मोठा अर्थ आहे. शिरगावापासून देहू हाकेच्या अंतरावर. तिथं मंदिरात 'भिजकी वही' आहे, ती तुकोबांच्या हातची मानतात. आपल्याच तालुक्यातल्या सुदुंबऱ्याला संताजी जगनाड्यांची समाधी. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात. पुढं १८६९ साली शंकर पांडुरंग पंडितांनी सरकारी मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापायला घेतली, तेव्हा त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या मिळवून एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यातलं तळेगाव आमच्या बाजाराचं गाव. म्हणजे दोनशे वर्षं कुणीतरी तिथल्या घरात पावसाळ्याआधी बासन सोडून, ऊन दाखवून, पुन्हा बांधून ठेवत होतं. त्या बायाबापड्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. आता देहूला गाथा मंदिर झालं आहे. तिथं अभंग संगमरवरी भिंतींवर कोरले आहेत. आपण पुस्तकाच्या आत उभे राहतो असं वाटतं. पण दगडावर जाईपर्यंत ते अभंग फडक्यातच जगले.

सरकारदरबारी याच फडक्याला रुमाल म्हणायचे. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यासाठी दगडी इमारत बांधली. आत मांडण्यांवर हजारो रुमाल, प्रत्येकात मोडी कागदांचा गठ्ठा. त्या रुमालांशी आपल्या मावळाचं नातं आहे, ते पुष्कळांना ठाऊक नसतं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपल्या कामशेतला येऊन राहिले. ते शेवटपर्यंत तिथंच होते, १९५९ साली वारले. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून बाहेर काढले. त्याआधी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावी पायपीट करून वाड्यांतली बासनं सोडवत हिंडले. १८९८ साली त्यांचा साधनांचा पहिला खंड आला, त्याचे कागद वाईला सापडले होते. हे दोघे नसते तर पुष्कळ प्रकरणं खरोखरच बासनात राहिली असती.

दुसरी वस्तू व्यासपीठ. आता व्यासपीठ म्हटलं की पुढाऱ्यांचं स्टेज डोळ्यांपुढं येतं. मुळात पुराण सांगणाऱ्यापुढं पोथी ठेवायची जी लाकडी बैठक, ती व्यासपीठ. सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला जो पुढं बसून ओव्या चालवतो त्याला आजही 'व्यासपीठ चालक'च म्हणतात. आमच्या जुन्या लोकांनी तो शब्द सोडला नाही. बाकीच्या वाचकांपुढं कात्रीसारखी उघडणारी लाकडी घडी असते. मशिदीत कुराण ठेवायलाही हीच घडी, तिला रेहल म्हणतात. चांगला सुतार ती एकाच फळीतून काढतो. मधोमध दाते असे कोरतो की खिळा नाही, बिजागरी नाही, फळी आपोआप दोन पानांसारखी उघडते. नांगराचा सांधा ज्यानं पाहिला आहे त्यालाच या कामाची किंमत कळेल.

या बैठकीमागं एक विचार आहे. पुस्तक जमिनीला लागू नये हा मान झालाच. पण पोथी अशी उंचावर ठेवली, की एक वाचतो आणि पन्नास ऐकतात. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. ओव्या मात्र तिला पाठ होत्या, त्या सगळ्या या बैठकीमुळं.

परमुलखातही लोकांनी यासाठी काय काय उद्योग केले आहेत! इंग्लंडात हेरफर्डच्या चर्चमध्ये पुस्तकं साखळीनं मांडणीला बांधलेली आहेत, दाव्याला बैल बांधावा तशी. पुस्तक तेव्हा इतकं महाग, की वाचा पण इथंच बसून. चीन-जपानातल्या काही बौद्ध मंदिरांत ग्रंथांचं आठ बाजूंचं कपाट मधल्या खांबावर फिरतं. ते ढकलून एक फेरा दिला की सगळे ग्रंथ वाचल्याचं पुण्य. हे ऐकून आमचे एक माळकरी म्हणाले, "मंग आपण उगाच सात दिवस मांडी मोडून बसतो की रं!"

मला सगळ्यात आवडलं ते रामेल्लीचं चाक. आगोस्तिनो रामेल्ली हा इटलीचा यंत्रकार. १५८८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे. माणूस खुर्चीवर बसलाय, समोर पुरुषभर उंचीचं लाकडी चाक, चाकावर चोहोबाजूंनी फळ्या आणि प्रत्येक फळीवर उघडं पुस्तक. चाक फिरवलं की दुसरं पुस्तक समोर. चित्र बघताच मी म्हणालो, हे तर आपलं राहाटगाडगं! फरक एवढाच, की राहाटाची गाडगी वर आली की कलंडायला हवीत, तेव्हा पाणी पडतं. इथं पुस्तक कलंडलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून त्यानं दातेरी चाकं अशी बसवली, की मोठं चाक फिरलं तरी फळीचा उतार बदलत नाही. त्या माणसानं विहिरीवरचं पाणी नक्की पाहिलं असणार. त्याच पुस्तकात पाणी उपसायची यंत्रं ढिगानं आहेत.

तिसरी वस्तू पेटी. बासन जपतं, व्यासपीठ ऐकवतं, पण दोन्ही एका जागी. पुस्तकाला चालायला लावलं सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचं हे शेतकऱ्याचं पोर दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झालं. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि राज्यात गावोगाव वाचनालयं उघडली. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांनी भरलेली मजबूत लाकडी पेटी जायची. वाहतुकीचा खर्च दरबारचा. गावानं वाचायची, परत धाडायची, दुसरी मागवायची. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्यांचे मजले आहेत आणि त्यांच्या मधली जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खाली झिरपतो, आणि लाकूड नसल्यानं आगीची भीती कमी.

तीच पेटी शंभर वर्षांनी पुन्हा निघाली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. एका पेटीत १०० पुस्तकं, एका पेटीमागं ३५ वाचक. वाचून झाली की पेटी दुसऱ्या गटाकडं. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांतही या पेट्या पोचल्या. आणि २०१७ च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळच्या भिलारनं तर अख्खं गावच कपाट केलं. स्ट्रॉबेरी पिकवणारं ते गाव. तिथं २५ ठिकाणी, कुणाच्या घरात, कुठं देवळात, कुठं शाळेत पुस्तकं मांडली. कुणीही जावं, बसावं, वाचावं.

आता आमच्याकडचं सांगतो. द्रुतगती मार्ग झाला तसे मावळातल्या जमिनींना भाव आले, आणि जुनी घरं पडायला लागली. आमचंही घर वाटण्या झाल्यावर उतरवलं. पायाचा चौथरा मोकळा व्हायच्या आत जुनं लाकूड घेणारे टेम्पो घेऊन हजर. बंगल्यांना आणि हॉटेलांना जुन्या वस्तू लागतात. फडताळाची दारं त्यांनी चौकटीसकट मागितली, व्यासपीठाला तर न मागता दाम वाढवला. फडताळातलं बासन मात्र त्यांनीच काढून ओट्यावर ठेवलं. "कागद नकोत, फक्त लाकूड," असं म्हणाले. दारं गेली. व्यासपीठ मी दिलं नाही आणि बासन घरात नेलं.

आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की बासनात पेशव्यांची सनद आहे. कुणी सोडून पाहिलं नव्हतं, कारण मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नव्हतं. ओळखीतल्या एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींपुढं ते सोडलं. त्यांनी दोन रविवार घालवले. सनद नव्हती. होतं ते गहाणखत. शके १७८० मध्ये खापरपणजोबांनी नदीकडचं वावर भातासाठी गहाण टाकलं होतं. खाली दरवर्षी किती मण भात फेडला त्याची नोंद. नऊ वर्षांनी शके १७८९ मध्ये फेड पुरी झाल्याची पावती.

धाकटा भाऊ म्हणाला, "कर्जाचाच कागद व्हय? मी म्हनलं सनद. टाका की मंग."

मी म्हणालो, "सनद फुकट मिळती. हे नऊ वर्सं उपाशी ऱ्हाऊन मिळवलंय."

तो काही बोलला नाही. त्याच वावरावर प्लॉटिंगवाल्याचा डोळा आहे आणि भावाच्या पोरांना पैका हवा आहे. त्यांची गरजही खोटी नाही, शिक्षणाला आणि दवाखान्याला पैसा लागतोच. पण त्या रात्री त्यानं पोरांना बोलावून तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवायला लावला. पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, दुष्काळी दिसणाऱ्या एका वर्षी काहीच नाही. सही अजून झालेली नाही. पुढं होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

लोणावळ्याकडच्या बंगल्यांत आता पुस्तकांचं चित्र छापलेला कागद भिंतीला चिकटवलेला दिसतो. लांबून कपाट भरलेलं वाटतं. एका ठिकाणी व्यासपीठावर फुलदाणी ठेवलेली पाहिली. वस्तू जपली म्हणून मालकाचं कौतुक करावं तर वस्तूचं काम गेलेलं. म्हणून माझं सांगणं एवढंच. घर उतरवायच्या आधी फडताळ आणि माळा आपल्या हातानं रिकामा करा. मोडी कागद सापडला तर तो फाडू नका, जाळू नका, नदीत सोडू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे, आणि मोडीचे वर्गही भरतात. एखाद्या पोराला तिथं धाडा.

गहाणखताला मी नवं लाल फडकं घेतलं. वेखंडाचा तुकडा टाकला. दोरी मात्र सुटती ठेवली आहे, गाठ मारलेली नाही. मोडी शिकायला नात तयार आहे, तिला दर महिन्याला उघडावं लागतं.