ब्लू-रे प्लेअर आणि जुना टीव्ही

पिक्चर ट्यूबचा, मागे कुबड असलेला टीव्ही अद्याप अनेक घरांत उत्तम चालतो. परदेशातून आलेला नातलग ब्लू-रे प्लेअर भेट देतो किंवा कोणी स्वस्तात जुना विकत आणतो आणि जोडणीच्या वेळी लक्षात येते की, टीव्हीला असलेली पिवळी, लाल व पांढरी एव्ही जोडणी प्लेअरला नाहीच. पणजी असो, डिचोली असो की तापीकाठच्या बुऱ्हाणपुरातील लोधीपुरा, अडचण सारखीच आणि तिचे कारणही एकच: प्लेअर कोणत्या वर्षी तयार झाला.

ब्लू-रे बाजारात आला 2006 साली. आरंभीच्या प्लेअरना एचडीएमआयबरोबर जुन्या पद्धतीच्या सर्व जोडण्या होत्या. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून डिस्कवर बसविलेल्या संरक्षण-प्रणालीच्या नियमांनी हे हळूहळू बंद केले. 2010 नंतरच्या नव्या मॉडेलांना ॲनालॉग तारेतून केवळ साध्या दर्जाचे चित्र देण्याची मुभा उरली आणि 2013 नंतर तयार होणाऱ्या प्लेअरमध्ये ही वाटच बुजविण्यात आली. म्हणून जुन्या टीव्हीसाठी जुना प्लेअर घेणेच शहाणपणाचे. विकत घेण्यापूर्वी मागची बाजू पाहावी. चकचकीत पुढच्या बाजूवरून काही कळत नाही.

अपेक्षाही बेताची ठेवावी. भारतातील पाल पद्धतीच्या संचावर चित्राच्या 576 रेषा उमटतात. ब्लू-रेवर 1080 असतात. उरलेला तपशील वाटेतच गळतो. त्यात 2.35:1 अशा रुंद मापाचा चित्रपट 4:3 पडद्यावर लावला, तर वरखाली काळ्या पट्ट्या येऊन चित्राच्या वाट्याला सुमारे 327 रेषाच राहतात. 21 इंची संचाची उंची साधारण साडेबारा इंच. त्यातील जेमतेम सात इंचांत सारा चित्रपट बसतो आणि उपशीर्षके वाचताना डोळे ताणावे लागतात. तरीही रंग व हालचाल चांगल्या डीव्हीडीइतकी समाधानकारक दिसते. केवळ चित्राच्या दर्जासाठी मात्र हा खर्च करू नये.

प्लेअरला एव्ही जोडणी असेल तर काम सोपे आहे. सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार 4:3 आणि आवाज ‘स्टीरिओ पीसीएम’ ठेवावा. नाहीतर काही डिस्कवर चित्र दिसते, आवाज येत नाही. टीव्हीला ध्वनीची एकच जोडणी असल्यास पांढरी पिन लावावी. शेवटच्या काळातील 29 इंची सपाट ट्यूबच्या काही संचांना हिरवी, निळी, लाल अशी कंपोनंट जोडणीही असते. तिच्यातून चित्र अधिक स्वच्छ येते. हिरवी पिन चुकून पिवळ्या जागी लावली, तर चित्र कृष्णधवल दिसते. पुष्कळ जण या क्षणी टीव्ही बिघडला असे समजून कारागिराला बोलावतात.

प्लेअरला फक्त एचडीएमआय असेल, तर मध्ये रूपांतरक बसवावा लागतो. येथेच पैसे वाया जातात. ‘एचडीएमआयकडून एव्ही’ आणि ‘एव्हीकडून एचडीएमआय’ अशा दोन डब्या दिसायला जुळ्या असतात. आपल्याला पहिली हवी. डबीवरील खटका ‘पाल’वर ठेवावा आणि तिला पाच व्होल्टचा वीजपुरवठा द्यावा. संरक्षित डिस्कशी स्वस्त डब्यांचे नेहमीच जमते असे नाही: प्लेअरचा मेनू दिसतो, चित्रपट सुरू होताच पडदा काळा पडतो. दुकानातच स्वतःची डिस्क लावून पाहावी.

ज्या संचाला केवळ अँटेनाची जोडणी आहे, त्याला मॉड्युलेटर लागेल. घरात पडून असलेल्या व्हीसीआरमधूनही तार नेता येते. पण व्हिडिओकॅसेटच्या नकलेविरुद्धच्या जुन्या युक्तीमुळे चित्र मधूनच उजळते व काळवंडते. अशा संचात एव्हीची जोडणी बसवून देतो म्हणणाऱ्याला मात्र नकार द्यावा. अनेक जुन्या टीव्हींच्या आतील सांगाड्यात थेट विजेचा प्रवाह असतो. तो तारेवाटे प्लेअरच्या पत्र्यापर्यंत आणि हातापर्यंत पोहोचू शकतो.

पहिल्या पिढीतील एलसीडी व प्लाझ्मा संचांना एचडीएमआय असते, परंतु त्यांतील कित्येक 1080 रेषांचे पूर्ण चित्र स्वीकारत नाहीत. प्लेअर ‘720पी’ किंवा ‘1080आय’वर आणावा आणि सेकंदाला 24 चित्रांचा पर्याय बंद करावा.

परदेशी डिस्कबाबत आणखी एक मेख आहे. युरोप व आखातातील ब्लू-रे ‘बी’ विभागातल्या, भारत ‘सी’ विभागात. डीव्हीडीत ते अनुक्रमे 2 आणि 5. लिस्बन, लंडन वा दुबईहून प्लेअर आला असेल, तर तिकडच्या डिस्क चालतात आणि इथल्या अडू शकतात. अमेरिकेतील प्लेअर भिंतीत खोचण्यापूर्वी तो 230 व्होल्ट सोसतो का, हे त्याच्या पाठीवर वाचावे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र जोडणीत होत नाही. नवा प्लेअर आला म्हणून जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात दिल्याने होते. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतो, पण अनेक मॉडेले व्हीसीडी वाचत नाहीत. आपल्याकडे एके काळी लग्ने, मुंजी, गावच्या जत्रा, नाटके आणि तियात्रे व्हीसीडीवरच आली. त्यांतील घरगुती डिस्क कारखान्यात छापलेल्या नव्हेत, संगणकावर ‘जाळलेल्या’ आहेत. त्यांच्यातील रंगद्रव्य प्रकाश, उष्णता व दमटपणाने विटत जाते. कोकणपट्टीच्या हवेत ती उन्हात किंवा ओलीच्या कपाटात ठेवणे वाईटच. जुना प्लेअर वाचतो आहे तोवर त्या संगणकावर उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ डिस्कवर चिकटवलेली कागदी पट्टी ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर नोंदीचा थरही निघून येतो.