समृद्धीचा मार्ग आणि भूमिहीन

विकासाने दरिद्री माणसाचे भले होते काय, याचे उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाचे भाव भडकले, रेल्वेही आली. तथापि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच कापूसप्रांतात हजारो माणसे मेली. मजुरापाशी धान्य विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते.

११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झालेला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारजवळून जातो. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यास मिळाला. भूमिहीनाचे नाव तेथे नव्हतेच.

कूटदन्त सुत्तात राजाने शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल द्यावे, असा उपदेश आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली शेतजमीन राज्याच्या मालकीची करून भूमिहीन मजूर हा वर्गच उरू नये, अशी योजना मांडली. रस्ता आम्हांस नको असे नाही. त्याआधी साधनांची वाटणी व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.