पान किती वेळ ओले होते?

1845 सालच्या ऑगस्टची वीस तारीख. डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन येथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख डेव्हिड मूर यांना त्या दिवशी बटाट्याच्या पानांवर करप्याचे डाग आढळले. पुढच्या काही आठवड्यांत आयर्लंडची शेते काळी पडली, आणि काढून ठेवलेला बटाटाही कुजून दुर्गंधी सुटली. बटाट्यावाचून ज्यांच्या ताटात दुसरे काही नसे अशी ती माणसे. 1852 पर्यंत सुमारे दहा लाख मेली आणि त्याहून अधिकांनी देश सोडला. त्याच काळात त्या देशातून धान्य आणि जनावरे बाहेर जातच होती, हेही सांगितले पाहिजे.

इकडे लंडनमध्ये पंडितांचा वाद रंगला. जॉन लिंडली हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे, की यंदा ऊन नाही, पाऊस फार. झाडाने गरजेपेक्षा अधिक पाणी घेतले आणि ते कुजले. बुरशी दिसते ती कुजल्यानंतरची. याउलट माइल्स बर्कली नावाचा एक खेड्यातला पाद्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगत होता, की आधी बुरशी, मग कुजणे. 1846 साली त्याने आपले म्हणणे सविस्तर छापले. पुष्कळांना ते पटले नाही. पुढे 1861 मध्ये जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी प्रयोग करून पाद्रीबुवाच खरे ठरवले. (आजचे शास्त्र या जीवाला खरी बुरशी मानीत नाही, त्याला शेवाळांचा दूरचा भाऊबंद समजते, पण बर्कलींचा मुद्दा त्याने ढळत नाही.)

तर मग लिंडली साफ चुकले का? मला तसे वाटत नाही. या रोगाचे बीज पानावर पडून भागत नाही. त्याला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. थंडाव्यात त्यातून सूक्ष्म पोहणारे जीव सुटतात आणि त्या थरातून फिरून पानात शिरतात. हवा दोषी नव्हती, पण साक्षीदार होती.

ती साक्ष नोंदवून घ्यायला मात्र ऐंशी वर्षे गेली. 1926 साली हॉलंडच्या हवामानसंस्थेचे संचालक व्हॅन एव्हरडिंगन यांनी चार नियम मांडले: रात्री निदान चार तास दव, किमान उष्णता 10 अंशांच्या खाली नाही, दुसऱ्या दिवशी आभाळ बहुतेक झाकलेले, आणि थोडा का होईना पाऊस. असे जुळून आले की करपा जवळ आला समजावे. नियमांत रोगाचा उल्लेख कुठेच नाही, सगळे लक्ष हवेवर! 1947 मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बोमाँट यांनी ते सोपे केले: 48 तास उष्णता 10 अंशांच्या वर आणि हवेतील दमटपणा शेकडा 75 हून कमी नाही. त्या काळच्या दमटपणा मोजणाऱ्या यंत्रांत बहुधा माणसाचा केस ताणून बसवलेला असे. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. 1956 आणि 2017 साली ब्रिटनमध्ये हे नियम पुन्हा सुधारले गेले.

अर्थात 1845 साली असे यंत्र असते तरी शेतकऱ्याने करायचे काय? मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण पुढे आले ते 1885 मध्ये, फ्रान्सच्या मिलार्डे यांच्या हातून. तेही द्राक्षांवरच्या डावणीसाठी. बटाट्याकडे ते नंतर आले.

डावणीही करप्याच्याच कुळातली, तिलाही ओले पान हवे. म्हणून आज आमच्या नाशिककडच्या काही बागांत खांबावर पानाएवढी एक चकती बसवलेली दिसते. दव पडले की तिच्यातील विजेचे माप बदलते, आणि पान किती तास ओले होते याचा हिशेब शेतकऱ्याच्या फोनवर येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती घेतली आहे. गेल्या नोव्हेंबरात, बाग फुलोऱ्यावर असताना, अवकाळी पाऊस झाला. मी चौकशीला गेलो तेव्हा तो बांधावरच बसला होता.

"निरोप तर रात्री तीनलाच आला होता, गुरुजी," तो म्हणाला. "पण बागेत ही अशी दलदल, ट्रॅक्टर आत जाईना. पाठीवरच्या पंपाने दोन एकर केले, तोवर पुन्हा सर आली."